दहा दिवस कोणी तक्रार केली नाही, म्हणजे पॅकेज स्थिर झाले का?

मांडवीतीर (३ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातील एका हायस्कुलात मी संगणक शिकवतो. प्रयोगशाळेतील २४ यंत्रांवर डेबियन (स्वयंसेवकांनी चालवलेला लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्यांपैकी २२ यंत्रे स्थिर आवृत्तीवर चालतात आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते आधी कळावे म्हणून उरलेल्या दोन यंत्रांवर मी हौसेने 'टेस्टिंग' (पुढच्या स्थिर आवृत्तीची तयारी) ठेवले आहे. गेल्या महिन्यात घाईघाईत त्यांतल्याच एका यंत्रावरून नववीची मराठीची प्रश्नपत्रिका छापली. 'कुऱ्हाड' या शब्दातला ऱ मोडून पडला होता. ह च्या डाव्या खांद्याला टेकणाऱ्या कोयरीसारख्या अर्ध्या र ऐवजी खाली टिंब असलेला अख्खा र उमटला होता आणि त्याच्या पायाशी हलन्त लोंबत होता. एव्हाना ८६ प्रती निघाल्या होत्या. मराठीच्या बाईंनी लाल पेन घेऊन प्रत्येक प्रत हाताने दुरुस्त केली आणि तेव्हापासून त्या माझ्याशी बोलताना 'तुमचं ते फुकटातलं' हा शब्दप्रयोग आवर्जून करतात.

शोध घेतल्यावर असे आढळले की, एका फॉन्टच्या पॅकेजची (म्हणजे बसवण्यासाठी तयार करून ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याची) नवी आवृत्ती 'अनस्टेबल'मध्ये, म्हणजे नवे सगळे आधी येते त्या पायरीवर, आली, नियमाप्रमाणे ठरलेले दिवस तिथे थांबली, स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण झाली, कोणी बग नोंदवला नाही, आणि म्हणून ती 'टेस्टिंग'मध्ये सरकली. प्रक्रियेत कुठेही चूक नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की थांबणे आणि तपासणे या दोन गोष्टी एकच मानायच्या का? त्या दिवसांत देवनागरी वाचणाऱ्या एकाही माणसाने ते पॅकेज उघडून पाहिले नसेल, तर त्या शांततेला काय अर्थ आहे?

दुसरा प्रश्न त्यातूनच निघतो. येथे गोव्यातले आपण सात-आठ जण आहोत. पाळ्या लावून हे काम आपल्याला करता येईल का?

कुळागर (३ नोव्हेंबर, रात्री ११.०५)

मी काही मोजक्या पॅकेजांचा मेंटेनर (ती सांभाळणारा) आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजावे. (पिंजऱ्यातला ऱ सर्वांना नीट दिसत असावा, अशी आशा आहे.)

शीर्षकातले १० दिवस हे फार उदार आहेत. पॅकेज किती निकडीचे आहे यानुसार ते अनस्टेबलमध्ये १०, ५ किंवा २ दिवस थांबते. हल्ली बहुतेक पॅकेजे मधल्या श्रेणीत येतात, म्हणजे ५ दिवस. आणि पॅकेजसोबतच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर तोही काळ घटतो. हा निर्णय कोणी माणूस घेत नाही. 'ब्रिटनी' नावाचा प्रोग्रॅम मुदत संपली का, गंभीर बग वाढले का, इतर पॅकेजांचे अवलंबित्व तुटते का आणि चाचण्यांमध्ये पीछेहाट झाली का, एवढे पाहतो आणि पॅकेज पुढे ढकलतो. शांततेला होकार मानण्याची ही पद्धत हजारो पॅकेजांसाठी मोजक्या स्वयंसेवकांनी लावलेली सोय आहे. ती पुरेशी आहे असा दावा माझ्या पाहण्यातल्या कोणीही गंभीरपणे केलेला नाही.

रात्रपाळी (४ नोव्हेंबर, सकाळी ७.२०)

मांडवीतीर सर, स्पष्ट लिहितो, राग नसावा. प्रश्नपत्रिका टेस्टिंगवरून छापणे ही चूक आपली आहे, पॅकेजाची नव्हे. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. स्थिर आवृत्ती लावावी, तिचे सुरक्षा-अपडेट तेवढे घ्यावेत आणि नव्याच्या मोहात पडू नये, या नियमावर माझी कित्येक वर्षे निभावली आहेत.

सुशेगाद (४ नोव्हेंबर, सकाळी ९.०२)

सर्वांनीच स्थिर आवृत्ती लावली तर ती स्थिर आहे हे ठरवणार कोण? अळंबी विषारी आहेत की नाहीत, हे शेजाऱ्याने खाल्ल्यावर कळते म्हणतात. शेजारीही तेच म्हणत असेल तर दोघेही उपाशी.

मांडवीतीर (४ नोव्हेंबर, दुपारी १.१५)

रात्रपाळी, चूक मान्य आहे आणि तिची शिक्षा मी रोज स्टाफरूममध्ये भोगतो आहे. मात्र तो फॉन्ट तसाच राहिला असता तर पुढच्या स्थिर आवृत्तीत तो आपल्याही यंत्रावर आला असता, एवढे लक्षात घ्यावे.

जेंटू_भाटकार (४ नोव्हेंबर, रात्री १०.३०)

आमच्याकडे पद्धत निराळी आहे. जेंटूमध्ये (हाही लिनक्सचाच प्रकार, पण पॅकेज ज्याने त्याने आपल्या यंत्रावर मूळ कोडपासून बांधायचे) नवे पॅकेज 'चाचणी' या खुणेखाली येते आणि साधारणपणे ३० दिवस तिथे राहते. त्यानंतर त्याला स्थिर म्हणावे अशी विनंती नोंदवली जाते आणि ज्या त्या प्रोसेसर-कुळाच्या गटाने ते बांधून, चालवून पाहिल्यावरच खूण बदलते. म्हणजे शेवटी कोणीतरी 'चालले' असे म्हणावे लागते. नुसते कॅलेंडर पुरत नाही.

ऐकायला हे छान वाटते. दुखणे पुढे आहे. जी कुळे फारशी वापरात नाहीत त्यांच्या गटांत माणसे कमी असतात, विनंत्यांची रांग लांबत जाते आणि काही कुळांच्या बाबतीत तर शेवटी स्थिरतेचा आग्रहच सोडून द्यावा लागला. मी एक वर्षभर असा टेस्टर होतो. एकच पॅकेज वेगवेगळे पर्याय चालू-बंद करून चार-पाच वेळा बांधायचे, त्याच्या स्वतःच्या चाचण्या चालवायच्या, त्यावर अवलंबून असलेली दोन-चार पॅकेजे बांधून पाहायची आणि मग अहवाल लिहायचा. जुलै महिन्यात पेडण्याच्या घरी एका ब्राउझरचे बांधकाम सहा तास चालले होते आणि शेवटच्या टप्प्यावर वीज गेली. तीन दिवस हेच होत राहिले. चौथ्या दिवशी मी अहवालात 'पाऊस ओसरल्यावर कळवतो' असे लिहिले, त्यावर युरोपातल्या एका सहकाऱ्याने हा कोणत्या प्रकारचा तांत्रिक अडथळा आहे, अशी अत्यंत सभ्य शब्दांत विचारणा केली.

थोडक्यात, डेबियनची पद्धत माणसांच्या तुटवड्यावर पांघरूण घालते, आमची पद्धत तो तुटवडा चारचौघांत उघडा करते. तुटवडा दोन्हीकडे सारखाच.

सुशेगाद (४ नोव्हेंबर, रात्री १०.४१)

भाटकार (जमीनमालक) स्वतः बांधकाम करतात आणि मुंडकार (त्यांच्या जमिनीवर राहणारे) तयार पॅकेजे खातात, असे जगात फक्त जेंटूमध्येच घडत असावे.

अबोली (५ नोव्हेंबर, सकाळी ११.१०)

मी म्हापशाला एका छापखान्यात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. या ऱ चा मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हा अर्धा ऱ दोन प्रकारांनी टंकला जातो. एक प्रकार म्हणजे टिंबाचा ऱ आणि त्यापुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारे 'जोडणारे' चिन्ह. छापून आल्यावर दोन्ही सारखेच दिसायला हवेत. पण हे दोन नियम फॉन्टमध्ये वेगवेगळे बसवलेले असतात, त्यामुळे एक चालतो आणि दुसरा मोडतो, असे सर्रास होते. हिंदीत या अक्षराचे काम पडत नाही. म्हणून हिंदी वाचणाऱ्या टेस्टरला पान ठीकच दिसणार. मराठी, नेपाळी आणि देवनागरीतील कोकणी वाचणाऱ्यालाच ते खुपते.

आणि हा काही नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. 'आचार्यास दक्षिणा द्यावी' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्यावी' यांत पैसे कोणाच्या हातात जातात ते पाहावे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. मराठी पद्धतीचे ल आणि श हेही असेच आहेत. फॉन्टमध्ये ते असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने ओळखले नाही, तर हिंदी वळणाचे ल आणि श उमटतात.

स्वयंचलित चाचणी नेमके काय तपासत होती, हे कोणी सांगू शकेल का?

कुळागर (५ नोव्हेंबर, दुपारी ३.५०)

अबोलीताई, मी आताच पाहिले. फॉन्टची फाइल उघडते का आणि तिच्यातील अक्षरचिन्हांची संख्या अपेक्षेइतकी आहे का, एवढेच ती चाचणी पाहत होती. संख्या बरोबर होती. अर्धा ऱ फाइलमध्ये जागेवर होता. त्याला बोलावून आणणारा नियम तेवढा गळला होता. चाचणी लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल तर याहून अधिक त्याने काय तपासावे?

रात्रपाळी (५ नोव्हेंबर, रात्री ८.१५)

मग शांतता पुरेशी नाही, या मुद्द्याला मी एक जुना पुरावा जोडतो. तो दुर्दैवाने माझ्याच लाडक्या स्थिर आवृत्तीचा आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात (माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्ल्या, म्हणजे लांबलचक आकडे, ते बनवते) एक छोटी दुरुस्ती झाली. तपासणी-साधनाने दिलेली सूचना गप्प करण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या आणि त्यांच्यासोबत गुप्त किल्ल्यांमधला जवळजवळ सगळा यादृच्छिकपणा निघून गेला. उरला तो केवळ प्रक्रिया-क्रमांक (चालू प्रोग्रॅमला यंत्र देते तो), म्हणजे प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीचे जेमतेम ३२,७६८ नमुने. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले. तोपर्यंत ते पॅकेज अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये आणि टेस्टिंगमधून स्थिर आवृत्तीत गेले होते. दीड वर्षाहून अधिक काळ कोणाचीही तक्रार नव्हती, कारण सगळे 'चालत' होते. त्या आठवड्यात आम्ही किल्ल्या बदलत किती रात्री बसलो होतो ते विचारू नका; माझे येथील नाव तेव्हापासूनचे आहे.

पावसाळी (५ नोव्हेंबर, रात्री ११.२८)

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्वजण स्वयंसेवक कमी आहेत असे म्हणत आहेत, तर माझा अनुभव सांगते. एका प्रकल्पाच्या गटाला, नाव घेत नाही, मी जानेवारीत पत्र लिहिले की मला टेस्टिंगला मदत करायची आहे, काय करू? चार महिने उत्तर आले नाही. मे महिन्यात एका ओळीचे उत्तर आले, त्यात नियमावलीचा दुवा होता. तोपर्यंत माझी परीक्षा सुरू झाली होती. माणसे हवी आहेत आणि दार मात्र बंद, हे मला अजून समजलेले नाही.

कुळागर (६ नोव्हेंबर, सकाळी ६.५५)

पावसाळी, दार बंद नसते. दारापाशी उभा असलेला माणूस एकटा असतो आणि त्याच्या दोन्ही हातांत ओझे असते. 'मी काय करू?' या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला अर्धा तास लागतो आणि तो त्याच्याकडे नसतो. तीच गोष्ट 'अमुक पॅकेज, अमुक आवृत्ती, असे केले, असे दिसायला हवे होते, तसे दिसले, चित्र जोडले आहे' या रूपात आली तर दहा मिनिटांत निकालात निघते. हे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. नवख्या माणसाने आधीच तरबेज असावे अशी अपेक्षा आपण करतो.

ज्या पॅकेजाचा मेंटेनर अनेक महिने फिरकत नाही, ते वाचवण्याचीही डेबियनमध्ये रीत आहे. तसा इरादा बग म्हणून जाहीर करायचा, २१ दिवस वाट पाहायची आणि आक्षेप आला नाही तर ताबा घ्यायचा. (येथेही शांतता म्हणजे संमती. या सवयीतून आमची सुटका नाही.)

एकट्या माणसाच्या ओझ्याचे काय होते, हे एक्सझेडच्या (फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या) प्रकरणात सर्वांनी पाहिले. मूळ मेंटेनर अनेक वर्षे एकटाच, विनामोबदला ते काम करत होता. २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिले की प्रकृतीमुळे आपल्याला पूर्वीसारखे जमत नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. अपडेट का येत नाहीत म्हणून त्याच्यावर तगादा लावणारे होते. मदतीला आलेल्या, 'जिया तान' हे नाव लावणाऱ्या व्यक्तीने हळूहळू विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला.

रात्रपाळी (६ नोव्हेंबर, सकाळी ८.३०)

आणि तो अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्येही पोहोचला. ब्रिटनीला काहीच खटकले नाही.

कुळागर (६ नोव्हेंबर, सकाळी ८.४४)

पण स्थिर आवृत्तीत पोहोचला नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघडकीस आणला, आणि ते चोर शोधायला निघाले नव्हते. अनस्टेबलवर दुसऱ्याच कामाची मोजमापे घेताना एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीच्या) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. थांबण्याच्या मुदतीचा उपयोग हाच आहे. ती मुदत स्वतः काही तपासत नाही. अशा एका माणसाला यायला वेळ देते.

रात्रपाळी (६ नोव्हेंबर, सकाळी ९.०१)

त्याला मी पद्धत म्हणत नाही, नशीब म्हणतो. फ्रॉइंड त्या आठवड्यात सुट्टीवर असते तर?

जेंटू_भाटकार (६ नोव्हेंबर, सकाळी ९.३७)

दोघांचेही खरे आहे. मला त्या प्रकरणातला सर्वांत मानवी भाग वाटतो तो डेबियनने नंतर लावलेला आवृत्तीचा क्रमांक. पॅकेजाचा क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून जुने निर्धोक पॅकेज '५.६.१+रियली५.४.५' या नावाने चढवले गेले. पाटी नव्या दुकानाची आणि खाली 'खरे म्हणजे जुनेच' अशी कबुली.

सप्ताहकर (६ नोव्हेंबर, रात्री ९.२०)

मी वास्कोचा, प्रोग्रॅमर नव्हे; हिशेबनीस आहे आणि घरी फेडोरा (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) वापरतो. पाळ्यांचा मुद्दा मागे पडला म्हणून लिहितो. आमच्याकडे श्रावणात दामोदराच्या सप्ताहाचे भजन २४ तास अखंड चालते. ते अखंड राहते याचे कारण सगळे चोवीस तास गातात हे नव्हे. कोणी किती वाजता बसायचे ते आधी ठरलेले असते आणि पहाटे तीनची पाळी असलेल्याला ती आपलीच आहे हे पक्के ठाऊक असते. 'ज्याला वेळ असेल त्याने यावे' असे ठेवले असते, तर संध्याकाळी सातला मंडपात जागा मिळाली नसती आणि पहाटे तीनला टाळ वाजला नसता.

फेडोरात 'बोधी' नावाची व्यवस्था आहे. तिथे प्रत्येक अपडेटला आपण अधिक किंवा उणे असा गुण देऊ शकतो. ठरावीक गुण जमले, किंवा ठरावीक दिवस, बहुतांशी सात, उलटले की अपडेट पुढे जाते. नावाप्रमाणे बोध होतो की नाही ते माहीत नाही, पण मी दर रविवारी चहा घेताना तीन-चार अपडेट लावतो, माझे रोजचे हिशेब उघडून पाहतो आणि 'ठीक' असे लिहितो. भाषांसाठी त्यांचे खास चाचणी-दिवसही असतात. सांगायचे हे की, बिघडले तरच बोलायचे ही सवय आपण मोडायला हवी. 'मी पाहिले, चालते' हेही काम आहे, आणि ते हिशेबनिसालाही जमते.

पावसाळी (६ नोव्हेंबर, रात्री १०.०५)

हे मला जमेल. शुक्रवार माझा धरावा.

फणसपोळी (७ नोव्हेंबर, सकाळी १०.१२)

थोडे बाजूचे विचारतो. आमच्या वाचनालयात दोन जुनी ३२-बिट यंत्रे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ साठी त्यांना इन्स्टॉलरच मिळत नाही. हाही माणसांच्या तुटवड्याचाच परिणाम का?

कुळागर (७ नोव्हेंबर, दुपारी १२.४०)

बऱ्याच अंशी होय. ती यंत्रे वापरून पाहणारे आणि त्यांचे बग सोडवणारे हात कमी झाले. आपण डेबियन १२ वरच राहावे. तिचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. रात्री एक गोष्ट सुचली. ओपनसूसे या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या 'ओपनक्यूए' या चाचणी-व्यवस्थेमध्ये यंत्र पडद्याचे चित्र घेऊन ठरलेल्या चित्राशी ताडून पाहते. फॉन्टसाठी एवढा पसारा नको. हार्फबझ या अक्षरे जुळवून मांडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत एक छोटे साधन येते. त्याला शब्द दिला की फॉन्टमधली कोणती अक्षरचिन्हे कोणत्या क्रमाने उमटतील ते सांगते. 'कुऱ्हाड' दिल्यावर अर्ध्या ऱ चे चिन्ह आले पाहिजे, नाही आले तर चाचणी अनुत्तीर्ण. आणि पूर्वी उत्तीर्ण होणारी चाचणी अनुत्तीर्ण झाली, तर ब्रिटनी पॅकेज अडवते. म्हणजे अबोलीताईंना जे एकदा दिसले ते यंत्राला दर वेळी दाखवता येईल. मात्र कोणत्या शब्दात काय उमटायला हवे, हे आधी वाचणाऱ्या माणसानेच लिहून द्यावे लागेल. मला शब्दांची यादी हवी आहे.

मांडवीतीर (८ नोव्हेंबर, रात्री ९.१०)

अबोलीताईंनी सुचवलेले शब्द आणि माझी थोडी भर घालून यादी केली आहे. अर्ध्या ऱ चे सर्व शब्द दोन्ही प्रकारांनी टंकले आहेत:

कुऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, दर्या, आचार्यास, आचाऱ्यास, वाऱ्यावर, उर्जा, कार्त्स्न्य, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, शाळा, विश्व, ॲप, ऑक्टोबर, श्रृंखला, ह्रदय, हृदय, ₹ ५००.

शृंखला आणि हृदय यांची चुकीची रूपे मुद्दाम ठेवली आहेत. लोक तशीही टंकतात आणि तीही न फुटता उमटली पाहिजेत. सर्वांनी पाहून घ्यावी. पाळ्या अशा: सोमवार मी, मंगळवार अबोलीताई, बुधवार जेंटू_भाटकार (डेबियन वापरावे लागेल, दिलगीर आहे), शुक्रवार पावसाळी, रविवार सप्ताहकर फेडोरावर. गुरुवार आणि शनिवार रिकामे आहेत. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी अनस्टेबलमध्ये आलेले देवनागरी फॉन्ट आणि टंकलेखनाची पॅकेजे लावून यादी छापावी आणि चालले तरी तसे लिहावे.

रात्रपाळी (८ नोव्हेंबर, रात्री ९.५५)

मी पाळी घेणार नाही. कारखान्याचे काम सोडून हे जमणार नाही आणि जमेल असे उगाच सांगून मग गैरहजर राहणे मला पटत नाही. एक सूचना देतो. सर, त्या दोन यंत्रांवर 'एपीटी-लिस्टबग्ज' बसवावे. अपडेट लावण्यापूर्वी नोंदवलेले गंभीर बग ते दाखवते. आणि त्या दोन यंत्रांना प्रिंटर जोडू नये.

अबोली (११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०)

मंगळवारची पाळी झाली. टिंबाच्या ऱ चा प्रकार अजूनही मोडलेला आहे. जोडणाऱ्या चिन्हाचा प्रकार नीट चालतो. दोन्ही छापांचे जवळून घेतलेले फोटो जोडून बग नोंदवला. मेंटेनरचे दोन तासांत उत्तर आले. त्यांना ही लिपी वाचता येत नाही, पण दोन चित्रांमधला फरक दिसतो, असे त्यांनी लिहिले आहे, आणि आणखी शब्द असल्यास पाठवावेत, अशी विनंती केली आहे.

कुळागर (१४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०)

यादीतील शब्दांची चाचणी लिहून पाठवली होती. ती त्यांनी दुरुस्तीसोबतच स्वीकारली. नवी आवृत्ती काल रात्री अनस्टेबलमध्ये आली.

पावसाळी (१४ नोव्हेंबर, रात्री १०.५०)

शुक्रवारची पाळी. नवी आवृत्ती लावली, यादी पडद्यावर आणि कागदावर पाहिली. सर्व शब्द ठीक. त्याच बगाखाली 'पाहिले, चालते' असे कळवले आहे.

मांडवीतीर (१८ नोव्हेंबर, दुपारी २.०५)

दुरुस्त झालेल्या यादीची छापील प्रत आज मराठीच्या बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. ऱ सगळीकडे ठीक आहे म्हणाल्या. मग लाल पेन काढून 'उर्जा'मधला उ दीर्घ केला आणि प्रत परत दिली.

आपण आठ जणांनी ती यादी पाहिली होती.

सुशेगाद (१८ नोव्हेंबर, दुपारी २.११)

किती दिवस झाले होते? पाच की दहा?